जुन्या लुगड्याची चौघडी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा पूर्वेकडील पायथा म्हणजे किला गेट. १६६० साली बांधलेला आलमगीरी दरवाजा येथे उभा आहे, आत मानसिंह तोमराचा गुजरी महाल आहे, आणि डोक्यावर सुमारे शंभर मीटर उंचीचा वालुकाश्माचा कडा. दरवाज्याबाहेरच्या गल्ल्यांतून मात्र नोकरदारांचे आणि किरकोळ दुकानदारांचे संसार चालतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली लष्कर येथे आपली राजधानी वसविली तेव्हापासून ग्वाल्हेरातील मराठी वस्ती मुख्यतः त्या बाजूस वाढली. तरीही किल्ल्याच्या ह्या अंगास मराठी बोलणारी दोनचार घरे सापडावीत. असेच एक घर घटकाभर डोळ्यांसमोर आणावे. शिवणकामाच्या गोष्टी हवेत सांगण्यापेक्षा घर डोळ्यांपुढे ठेवून सांगितल्या की त्या नीट कळतात.

घरात वृद्ध आजोबा आहेत. बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये त्यांची उमेदीची वर्षे विणकाम खात्यात गेली. १९२१ साली उभी राहिलेली ती गिरणी गेल्या शतकाच्या शेवटल्या दशकात बंद पडली. मुलगा दुकान सांभाळतो, सून कचेरीत जाते. नात तेरा वर्षांची, नातू सात वर्षांचा. आजी गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सुती नऊवारी लुगडी सहा, रेशमी एक, आणि अलीकडे लेकीसुनांनी भेट दिलेल्या पाचवारी गुळगुळीत साड्या आठदहा. दिवाळीची आवराआवर निघाली, दारावर भांडीवाली आली, आणि सुनेने पेटी उघडली. आपल्या महाराष्ट्रातील बोहारीण आणि तिकडची बर्तनवाली यांत फरक नावापुरताच. जुने कपडे तोलून ती स्टीलचा डबा किंवा पातेले पुढे करते.

"सूनबाई, रेशमी सोडून सगळी दे म्हटलंस तरी चालेल," आजोबा म्हणाले, "पण सुती लुगडी देऊ नकोस. ह्या साड्या दे."

"बाबा, साड्या तर नव्या आहेत. लुगडी विरलेली आहेत."

"म्हणून तर सांगतो."

ह्या संवादात वरवर पाहता सून व्यवहाराने बोलते आणि आजोबा मायेने. तसे समजणे चुकीचे ठरेल. कापडाच्या दृष्टीने आजोबांचेच म्हणणे अधिक व्यवहाराचे होते, आणि का, हेच येथे पाहावयाचे आहे.

घरातील जुन्या कापडाचे काय करावे हे ठरविण्यापूर्वी ते कापड कशाचे आहे हे कळले पाहिजे. दुकानातील चिठ्ठी केव्हाच निघून गेलेली असते, आणि हाताला लागणारा मऊपणा फसवतो. गिरणीतील माणसे पूर्वीपासून करीत आली ती परीक्षा अशी: कापडाच्या कडेचे दोनतीन धागे उपसावेत, चिमट्यात धरावेत आणि मोरीत पाण्याच्या भांड्यावर धरून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावेत. सूत कागदासारखे पेटते, कागद जळाल्याचा वास येतो, आणि मागे हलकी करडी राख उरते. ती बोटाने चोळताच उडून जाते. रेशीम आणि लोकर यांना केस जळाल्याचा वास येतो, ती ज्योत काढताच बहुधा विझतात आणि त्यांचा काळा मणी चिमटीत चुरडतो. पॉलिएस्टरचा धागा मात्र ज्योतीपासून आखडून मागे सरतो, वितळतो, काळा धूर सोडतो, आणि त्याचा कडक मणी बोटांनी फुटत नाही. रेयॉन सुतासारखेच जळते, कारण तेही झाडाच्या लगद्यापासून काढलेले असते. ग्वाल्हेरकरांना रेयॉनची ओळख सांगावयास नको. १९४७ साली स्थापन झालेल्या ग्वाल्हेर रेयॉन कंपनीचे नाव पुढे ग्रासिम झाले, तरी 'ग्वाल्हेर सूटिंग' हे शब्द देशभर घरोघर राहिले. रेयॉन आणि सूत यांतील भेद पाण्यात कळतो. ओले झाल्यावर सुताचे बळ वाढते, रेयॉनचे घटते. म्हणून वारंवार धुवावयाच्या वस्तूस रेयॉन घेऊ नये. ही परीक्षा मोठ्या माणसाने करावी आणि धाग्यावरच करावी. सबंध कापड ज्योतीजवळ नेण्याचे काहीच कारण नाही.

सुनेने गुळगुळीत साडीचे धागे जाळून पाहिले आणि कडक मणी पाहिला. तिच्या मनात त्या साड्यांचे तुकडे करून स्वयंपाकघरात भांडी उतरविण्याचे फडके करावयाचे होते. हा विचार पुष्कळ घरांत होतो, आणि तो धोक्याचा आहे. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांस वितळते, आणि गॅसची ज्योत त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. पदराचे टोक बर्नरजवळ गेले की सूत पेटते खरे, परंतु पॉलिएस्टर पेटता पेटता वितळून कातडीस चिकटते आणि भाजणे खोल जाते. फडके करावयाचे तर ते जुन्या टॉवेलाचे किंवा सुती लुगड्याचे करावे. सात इंच चौकोनाचे सहा ते आठ पदर एकावर एक ठेवून कडेने आणि मग दोन कर्णांवर शिवावेत, की झाले. एक गोष्ट मात्र विसरू नये. फडके ओले असेल तर जाड असूनही हात भाजतो, कारण पाण्यातून उष्णता झटकन पोहोचते आणि वाफही होते. म्हणून असे फडके नेहमी दोन असावेत, एक वापरात आणि एक वाळत.

आता लुगड्यांकडे वळू. मराठीतील 'चौघडी' ह्या शब्दातच तिची कृती आहे. चार घड्यांचे पांघरूण ते चौघडी. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक घडी ८१ इंचांची, म्हणजे पावणेसात फुटांची होते. पन्हा साधारण ४५ इंच धरला, तर एका माणसास पुरेल इतके पांघरूण एका लुगड्यातून, एकही कात्री न लावता निघते. नऊवारीच्या लांबीचा आणि चौघडीचा हा मेळ ज्या बाईने पहिल्यांदा ओळखला तिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

घडी मात्र विचाराने घालावी. लुगडे अर्धे व पुन्हा अर्धे दुमडू नये. पंख्यासारखे एकदा इकडे एकदा तिकडे असे घालावे. तसे केले म्हणजे पदर वरच्या घडीवर येतो, निरीचे टोक खालच्या घडीवर, आणि मधला भाग आतल्या दोन घड्यांत जातो. नऊवारी लुगडे बहुधा मध्याकडेच बसण्याउठण्याने विरलेले असते. ते विरलेले अंग आपोआप पोटात जाते आणि चांगले कापड बाहेर राहते. दोन्ही लांब बाजूंस लुगड्याचे काठच येतात, त्यांस मोड घालावी लागत नाही. आखूड बाजूंस घडीचे वळण असते. मोड घालावयाची ती केवळ वरच्या पदराच्या टोकास आणि खालच्या टोकास, अर्धा अर्धा इंच आत दुमडून.

लुगडे आधी धुऊन त्यातील खळ पूर्ण काढावी, नाहीतर शिवून झाल्यावर पहिल्याच धुण्यात चौघडी वेडीवाकडी आखडते. मग फरशीवर ते पसरून चारी कोपऱ्यांवर पाट किंवा जड पुस्तके ठेवावीत आणि मध्यापासून कडेकडे हाताने सुरकुत्या काढाव्यात. चारचार बोटांचे लांब टाचे मध्यापासून बाहेर घालावेत. हे टाचे शेवटी काढून टाकावयाचे आहेत, म्हणून त्यांना निराळ्या रंगाचा दोरा घ्यावा. घाईच्या घरात ही पायरी गाळण्याचा मोह होतो. ज्यांनी ती गाळली त्यांच्या चौघडीच्या मध्यभागी फुगा आलेला असतो आणि तो कशानेही जात नाही.

खरे शिवण मात्र कडेपासून आत जाते. साधा धावदोरा, इंचात चार टाके, आणि ओळीतले अंतर एक बोट. चौकोनात चौकोन करीत सुई मध्याकडे येते. दोरा सुती घ्यावा. मजबूत म्हणून पॉलिएस्टरचा दोरा घेतला तर तो जुन्या, अशक्त कापडास कापीत जातो, आणि शेवटी दोरा शाबूत राहून कापड फाटते. दोऱ्यावरून मेणाचा खडा एकदा ओढला की गुंता होत नाही. हातभराहून लांब दोरा घेऊ नये. लांब दोरा हे आळशी सुईचे लक्षण, असे जुन्या बायका म्हणत, आणि त्यात तथ्यही होते: दोरा जितका लांब तितका तो कापडातून अधिक वेळा ओढला जाऊन झिजतो. गाठ वर मारू नये, एक टाका मागे घेऊन दोरा पदरांच्या आत सोडून द्यावा. मधल्या बोटात अंगुस्तान हवे. चार पदर ओलांडताना सुईचे बूड बोटात शिरते.

ह्यास वेळ किती लागतो? कचेरीत जाणाऱ्या सुनेचा प्रश्न हाच होता, आणि तो योग्यच होता. हिशेब करून पाहू. ८१ गुणिले ४५ म्हणजे ३६४५ चौरस इंच. ओळी एकेक इंचावर घातल्या तर शिवणाची एकंदर लांबी तितकेच इंच, म्हणजे सुमारे १०१ वार. सरावाचा हात वारभर धावदोरा सहा ते आठ मिनिटांत घालतो. एकूण दहा ते साडेतेरा तास झाले. एका बैठकीत हे काम कोणी करू म्हटले तर ते अर्धवट राहून पुन्हा पेटीत जाते. रोज वीस मिनिटे दिली तर तीस ते चाळीस दिवसांत चौघडी पुरी होते. म्हणजे दसऱ्याला धरलेली चौघडी ग्वाल्हेरची खरी थंडी पडण्याच्या सुमारास हाती येते. वीस मिनिटे तरी कोठून आणावयाची, असे कोणी विचारील. कुकरच्या शिट्या होईपर्यंतचा वेळ, मुलाचा अभ्यास घेतानाचा वेळ, संध्याकाळी दूरदर्शन संचापुढे बसण्याचा वेळ, हे सर्व हात रिकामे असण्याचेच वेळ आहेत. शिवाय चौघडीचे एक बरे असते की तिला चारी बाजू आहेत. एका बाजूस सून बसली, दुसरीस नात, तर काम निम्म्या दिवसांत होते. नातीचे टाके लांब आणि वाकडे पडले म्हणून ते उसवू नयेत. वर्षभराने ते टाके पाहून तिला स्वतःलाच आपला हात सुधारलेला कळतो.

ग्वाल्हेरात हिवाळ्याच्या रात्री पारा पाच अंशांखाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळिसापर्यंत चढतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत कापसाच्या रजईवाचून भागत नाही, आणि चौघडीने रजईची जागा घ्यावी अशी अपेक्षाही नाही. तिची खरी जागा दोन ठिकाणी आहे. एक, दिवाळीनंतरचे आणि होळीपूर्वीचे मधले दिवस, जेव्हा रजईत घाम येतो आणि चादरीत थंडी वाजते. दुसरी, भर थंडीत रजईच्या आतून. रजई धुता येत नाही, तिचा कापूस गोळा होतो. अंगाशी चौघडी असली तर मळते ती चौघडी, आणि ती रविवारी धुऊन गच्चीवर टाकली की किल्ल्याच्या कड्यावरून परतणाऱ्या उन्हात तासाभरात वाळते.

जुनी वस्त्रे एकावर एक ठेवून शिवण्याची ही रीत आपल्या एकट्यांची नव्हे. संस्कृतातील 'कन्था' हा शब्द बंगालात 'कांथा' होऊन राहिला आणि ग्वाल्हेरच्या आसपास बुंदेली बोलीत 'कथरी' म्हणून ऐकू येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात राहणारे सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, 'कवंद' नावाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. त्यांतील ख्रिस्ती घरांच्या कवंदावर क्रूसही शिवलेला आढळतो. इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा तेथील सरकारनेच पुढे, १९४३ साली, आहे ते डागडुजी करून वापरा असे सांगणारी पुस्तिका काढली. जी विद्या आपल्याकडे आजीकडून नातीकडे फुकट जात होती, ती तेथे सरकारी खात्यास छापावी लागली, ही गंमतीची गोष्ट म्हणावयाची.

त्या काळी इंग्रज गृहिणी करीत ती चादरीची एक युक्ती आपल्याही उपयोगाची आहे. चादर विरते ती मध्ये, कडा मात्र नव्यासारख्या राहतात. ती मधोमध उभी कापावी, दोन्ही बाहेरचे काठ एकमेकांस जोडून मध्ये आणावेत, आणि विरलेल्या कडा बाहेर नेऊन त्यांस मोड घालावी. मध्ये शिवण येते खरी, पण चादर आणखी दोनतीन वर्षे जाते. ज्यांना ती शिवण पाठीस टोचते त्यांनी चादरीच्या कडांतून उशीचे अभ्रे काढावेत. १६ बाय २४ इंचांच्या उशीस १७ इंच रुंद आणि ५६ इंच लांब पट्टी लागते. ६० बाय ९० च्या चादरीच्या दोन बाजूंतून दोन अभ्रे निघतात आणि मधले विरलेले कापड पुसण्यास जाते. पट्टीच्या दोन्ही आखूड टोकांस एकेक इंचाची मोड घालावी; ५४ इंच उरतात, म्हणजे चोवीस, चोवीस आणि सहा. कापडाची सुलटी बाजू वर ठेवावी. प्रथम चोवीस इंचांचा भाग दुमडावा आणि नंतर उरलेल्या सहा इंचांची झडप त्यावर घ्यावी. हा क्रम उलटा झाला तर अभ्रा उलटवल्यावर झडप बाहेर राहते आणि सगळे उसवावे लागते. दोन्ही बाजूंस अर्ध्या इंचावर शिवण मारून अभ्रा उलटवला की झडप आत जाते, उशी तिच्यात अडकते, आणि बटण किंवा बंद यांचे कामच उरत नाही. हे काम हातापेक्षा पायमशीनवर बरे. सर्व मिळून अर्धा तास.

आजोबांनी येथे एक गिरणीतील गोष्ट नातीस दाखविली. कापड उभे ओढले, आडवे ओढले, आणि मग तिरपे ओढले. उभा धागा ताणून विणलेला असतो म्हणून तो मुळीच ढळत नाही, आडवा थोडा देतो, आणि तिरपे कापड रबरासारखे लांबते. पिशवीचा बंद उभ्या धाग्यात कापावा, नाहीतर चार किलो बटाट्यांनी तो गुडघ्यापर्यंत येतो. पिशवी जुन्या पँटच्या पायाची करावी, तिला एक शिवण आयतीच मिळते, आणि कमरेचा पट्टा उसवून त्याचाच बंद लावावा. २०२२च्या अखेरीपासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशात बंदी आहे. बाजारात काय चालते ते सर्व पाहतातच, पण हजिऱ्याच्या मंडईत जाणाऱ्याच्या हाती पँटची पिशवी असली तर त्याचे कोणावाचून अडत नाही.

मुलांना जुळविण्यासारखे काम म्हणजे चिंध्यांची बाहुली. ग्वाल्हेरला ह्याची मोठी परंपरा आहे. बत्तोबाईची कापडी बाहुली ही येथील ओळखीची वस्तू आहे. घरच्या बाहुलीस डोळे मात्र दोऱ्याने काढावेत. बटणे किंवा मणी लावले तर लहान मूल ते तोडून तोंडात घालते.

ह्याच कारणाने तान्ह्या मुलाच्या झबल्यास बटणांऐवजी बंद लावण्याची आपली पद्धत शहाणपणाची आहे, फक्त ते बंद आखूड असावेत. सुनेची नणंद इंदुरास असते आणि तिला माघात बाळ व्हावयाचे आहे. एका लुगड्याचे तिच्यासाठी दुपटे आणि झबली करावयाचे ठरले, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतासारखे कापड बाजारात मिळत नाही. दुपटे एकेरी किंवा दुहेरीच असावे. वर्षाच्या आतील मुलाच्या अंगावर झोपेत जाड, सैल चौघडी घालू नये असे डॉक्टर सांगतात. ती तोंडावर गेली तर मुलास सारता येत नाही. चौघडी हवीच असेल तर ती आईच्या मांडीवर, बाळ जागे असताना.

दारावरच्या भांडीवालीस शेवटी आठ साड्या गेल्या आणि एक झाकणाचा डबा आला. सहा लुगड्यांपैकी दोन शिवावयास निघाली, एक इंदुरासाठी बाजूस ठेवले, तीन पुढील वर्षांसाठी पेटीत परत गेली. रेशमी लुगडे तसेच घडी मोडून पुन्हा घातले, कारण रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले की त्या रेघेवर चिरते.

चौघडीचा पदर कोणत्या बाजूस यावा ह्यावरून घरात थोडी चर्चा झाली. नातवाचे म्हणणे, पदर पायाशी असावा, म्हणजे लाल काठ दिसेल. आजोबा म्हणाले, "डोक्याशी राहू दे." मग तोच क्रम ठरला. काम संपल्यावर रोज सुया मोजून डबीत टाकण्याचे काम मात्र नातवाकडे देण्यात आले. चौघडीत विसरलेली सुई रात्री अंधारात सापडते आणि ती हाताने सापडत नाही. पहिल्या दिवशी पाच सुया बाहेर काढल्या होत्या. रात्री त्याने चारच मोजल्या, आणि पाचवी नातीच्या फ्रॉकच्या खांद्यात टोचलेली निघेपर्यंत कोणालाही जेवावयास बसू दिले नाही.